पाव इंच जास्त

मी हट्टी आहे, हे मला पाचव्या वर्षापासून ऐकवलं जातंय, आणि आता सत्तरी उलटली तरी ऐकवणारे थांबलेले नाहीत. फरक एवढाच की तेव्हा लोक डोळे वटारून सांगायचे, आता हसत सांगतात. हट्टी तर हट्टी. पण त्या हट्टाची मुख्य गोष्ट एकदा माझ्या तोंडून सांगून टाकावी म्हणते, कारण आमच्या नात्यागोत्यात ती फार वेडीवाकडी फिरते. कुणी म्हणतं मी साहेबांना उलटून बोलले, कुणी म्हणतं मी भर सभेत करवत उगारली. उलटून बोलले हे खरं आहे. करवत मात्र मी उगारली नव्हती, मागितली होती.

जबलपुरात नुसतं ‘फॅक्टरी’ म्हटलं की ज्याची त्याची वेगळी असते. आमची कोणती ते मी लिहीत नाही. ज्यांनी तिचा भोंगा ऐकलाय ते ओळखतील. तो भोंगा आमचं घड्याळ होता. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा सायकल बाहेर काढायचे, आणि तिसऱ्याला मी शाळेला उशीर झाला म्हणून ओरडा खायची. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे चार हात अंगण, असं आमचं क्वार्टर. ताई लग्न होऊन सिहोऱ्याला गेलेली, त्यामुळे घरात आई, बाबा आणि मी. भाऊ नाही. हे ‘भाऊ नाही’ लोक असं म्हणायचे की जणू आमच्या घराला एक भिंतच कमी आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडणात दोन्ही, अशी आमची भाषा. नागपूरचे पाहुणे आले की आमच्या बोलण्याला हसायचे, आणि ते गेले की आम्ही त्यांच्या.

त्या साली लढाई चालू होती. खिडक्यांच्या काचांना आईनं खाकी कागद चिकटवले होते, त्यामुळे भर दुपारी घरात संध्याकाळ व्हायची. रेंजवर तोफांची चाचणी चालायची, धडाम झालं की फळीवरची पितळी भांडी किणकिणायची, आणि आई मान वर न करता म्हणायची, “झाला पास एक.” बाबांना रोज ओव्हरटाइम. ते घरी यायचे, उभ्या उभ्या जेवायचे आणि पडायचे. थंडी असल्यामुळे जेवणात मटार. पनागरची भाजीवाली दारात टोपली उतरवायची आणि “ले लो बाई, शक्कर है शक्कर” असं म्हणत स्वतःच दाणे खायला लागायची. मटाराची उसळ, मटारभात, मटाराच्या करंज्या, निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गाकर आणि वांग्याचं भरीत, त्यातही मटार. शेंगा सोलून सोलून माझ्या अंगठ्याचं नख हिरवं झालेलं असायचं. आजही बाजारात पहिला मटार दिसला की माझे कान भोंगा वाजायची वाट बघतात.

बाबा पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंडाचा किंवा पोलादाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात, आणि मग त्या साच्यात रस ओततात. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. बाबांचा हात त्या कामात असा होता की दुसऱ्या शॉपमधले लोक नुसते बघायला यायचे. बोलायचे कमी. चांगलं झालं तर “हं”, वाईट झालं तर नुसतं बघायचे. त्यांच्या नुसत्या बघण्यापेक्षा आईचा धपाटा परवडला. घरी त्यांची स्वतःची एक पेटी होती. तिच्यात तीन पटाशा, एक छोटा रंधा, एक करवत आणि त्यांच्या उस्तादांनी त्यांना दिलेली पिवळट लाकडाची लांब मापपट्टी. फॅक्टरीतली काडीसुद्धा बाहेर येत नसे. दारावर तलाशी व्हायची. ही पेटी मात्र आमची.

तर कल्याण समितीची नोटीस लागली. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी स्पर्धा, वय दहा ते पंधरा. लाकडाची मोटारगाडी स्वतःच्या हातानं करायची. लांबी एक फूट, त्याहून जास्त नाही. वजन अर्धा किलोच्या आत. उतरत्या फळीवरून सोडायची, ज्याची आधी खाली पोचेल तो जिंकला. लोक लढाईच्या बातम्यांनी वैतागले होते, पोरं सुट्टीत उधळली होती, म्हणून हा उद्योग काढला असावा. मी नोटीस वाचली आणि त्या क्षणापासून मला दुसरं काही दिसेना. तेरा वर्षांची होते. शहरात नव्या ट्रका रांगेनं जाताना बघायचे मी, आणि बाकीच्या मुली आतल्या जवानांना हात हलवायच्या तेव्हा मी चाकं बघायचे.

समितीच्या खिडकीत श्रीवास्तवजी म्हणून कारकून बसायचे. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं ठाऊक आहे असं समजणारा.

“भाई का नाम बताओ बेटा,” ते फॉर्म ओढत म्हणाले.

“भाई नहीं है.”

“तो मामा-चाचा का लड़का होगा कोई. उसका लिख देते हैं.”

“गाड़ी मैं बना रही हूँ. मेरा नाम लिखिए. कुसुम देशकर.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. लड़कियों के लिए रांगोळी आहे, बुनाई आहे, पाककला भी रखवा दें क्या, असं हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, नोटिशीत कुठं लिहिलंय की मुली नकोत? दाखवा. त्यांनी खरंच नोटीस काढून वाचली. लिहिलेलं नव्हतं. लिहिलं नव्हतं कारण असं लिहावं लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी त्यांनी मला टाळायचा सोपा मार्ग काढला, म्हणाले पिताजींची सही आणा. त्यांना वाटलं विषय संपला.

बाबा जेवत होते. फॉर्म त्यांनी डाव्या हातानं धरला, दोनदा वाचला आणि हात धुऊन सही केली. मग म्हणाले, “हे बघ. पेटी वापर. धार जाईल ती तूच लावायची. पण मी हात लावणार नाही. मी हात लावला की गाडी माझी झाली.” एवढं सलग वाक्य ते महिन्यातून एकदा बोलायचे. आई मात्र पेटली. “काहून हे भलतं करून राहिली तू? लोक काय म्हणतील? एक तर पोरगी, त्यात हातात रंधा!” मी म्हटलं, “लोकांचं मी नाही करून राहिली, माझं करून राहिली.” त्यावर आईनं पोळी तव्यावर इतक्या जोरात आपटली की तिचे दोन तुकडे झाले. ते दोन्ही तुकडे मग माझ्याच ताटात पडले.

लाकूड आमच्याच घरातलं. एक सागवानी पाट मधोमध तडकला होता, आई त्यावर धुण्याची बादली ठेवायची. तो मी मागितला नाही, उचलला. दोन फळ्या कापून सरसानं एकावर एक चिकटवल्या, वर दगड ठेवला, आणि तीन दिवस त्या दगडाभोवती फिरत बसले. माप घ्यायला बाबांची ती पिवळट पट्टी. माझ्या कंपासपेटीतही सहा इंचांची पट्टी होती, आणि एकदा मी दोन्ही शेजारी धरल्या तर त्या जुळेनात. बाबांची जरा मोठी येत होती. मी एक क्षणही विचार केला नाही. माझी पट्टी बाजारातली, दोन आण्यांची. बाबांची पट्टी चुकेल होय? माझी उचलून परत कंपासपेटीत टाकली आणि तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्या पोरीला आज हाताला धरून सांगावंसं वाटतं, अगं भैताड, जरा थांब. पण थांबली असती तर हे प्रकरण लिहायला उरलंच नसतं.

चाकांसाठी शिंप्याकडून दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं आणली. त्यांच्या कडा कापल्या की गोल चकत्या मिळतात. मधलं भोक मोठं असतं, ते बांबूच्या खुंट्या ठोकून बुजवलं आणि तापवलेल्या सळईनं नवं पाडलं. अकरा चकत्या जळल्या तेव्हा चार नीट झाल्या. आता आस हवे होते. सरळ, गुळगुळीत, न वाकणारे. त्या दिवसांत आमच्या शाळेत सगळ्या मुलींना खाकी लोकर आणि पोलादी सुया वाटल्या होत्या, जवानांसाठी मफलर विणायला. मी विणत होते, अर्धा झालाही होता. आणि एका दुपारी त्यातली एक सुई मी हातात घेऊन फिरवली. सरळ, गुळगुळीत, न वाकणारी. कापलीच. कानशीनं दोन तुकडे केले, आणि गाडी पहिल्यांदा अंगणातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत अशी सरसर गेली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आईला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं. “तिकडं पोरं थंडीत कुडकुडून राहिलीत,” ती म्हणाली, “आणि तू त्यांच्या मफलरीची सुई कापली.” मला लाज वाटली. खरी लाज, कानापर्यंत. पण गाडीतून सुई काढायला मी तयार नव्हते, हेही तितकंच खरं. मी बांबू चिरला, बाबांच्या पटाशीनं दोन सुया तासल्या, काचकागदानं गुळगुळीत केल्या, आणि त्यांच्यावर तो मफलर पुरा केला. शाळेत सगळ्यात आधी माझा जमा झाला. आईनं त्या बांबूच्या सुया हातात घेऊन नीट पाहिल्या होत्या, फिरवून, टोकाशी बोट लावून. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी अंगणातली उन्हाची जागा सोडून मटार सोलायला ती सावलीत बसली.

वजनाचा प्रश्न उरला. घरात तराजू नव्हता, भाजीवालीचा होता पण तिच्या तराजूवर मटारसुद्धा विश्वास ठेवणार नाही. म्हणून आई मला सराफ्यात घेऊन गेली, तिचं मंगळसूत्र ज्यांनी सांधून दिलं होतं त्या सोनारकाकांकडे. आईच घेऊन गेली, हे मी मुद्दाम लिहिते. काकांनी चष्मा पुसला, गाडी पारड्यात ठेवली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “बाई, सोना कितना, खोट कितनी?” तीस ग्रॅम अजून चालत होते. त्यांनी शिशाचे दोन तुकडे दिले, पैसे घेतले नाहीत, आणि येताना आईनं मला खव्याची जिलबी खाऊ घातली. “हे काही बरोबर नाही,” ती खाता खाता म्हणाली. जिलबीबद्दल नव्हतं ते.

स्पर्धेच्या दिवशी क्लबपुढच्या मैदानात मांडव होता. चोवीस फुटांच्या दोन फळ्या शेजारी शेजारी, उतरत्या लावलेल्या. एका टोकाला पुरुष खुर्च्यांवर, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर बायका. मुलं बावीस, मुलगी एक. माझी गाडी मी कापडी थैलीत आणली होती, तिच्यातच तेलाची बाटली, काचकागद आणि बाबांची पट्टी. गाडीला मी रंग दिला नव्हता, नुसतं जवसाचं तेल चोळलं होतं, आणि पुढचं नाक घासून घासून असं निमुळतं केलं होतं की बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. तेवढं एक नाक करायला मला नऊ दिवस लागले होते. बाबा शिफ्ट संपवून थेट आले होते, खाकी कपड्यांत, हातात डबा.

परीक्षक होते सक्सेना साहेब, ढलाईखान्याचे, म्हणजे जिथं पोलाद ओततात तिथले. उंच, कडक, मिशीला पीळ. त्यांनी माझी गाडी उचलली, उलटी केली, चाक फिरवलं. चाक फिरत राहिलं. आणि त्यांचा चेहरा बदलला.

“ये किसकी है?”

“मेरी,” मी म्हटलं.

“बनाई किसने है?”

“मैंने.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मांडवात शोधून त्यांनी बाबांवर नजर रोखली. “देशकर जी, ये बच्ची का हाथ नहीं है. ये पैटर्न शॉप का हाथ है. लड़ाई के टाइम में शॉप में खिलौने बन रहे हैं क्या?”

त्या प्रश्नाचं वजन आज समजावून सांगणं अवघड आहे. लढाईच्या दिवसांत, सरकारी वेळेत, सरकारी लाकडातून कुणी आपल्या पोरीचं खेळणं केलं, एवढा संशय माणसाची नोकरी खायला पुरे होता. बाबा उभे राहिले. “मैंने हाथ नहीं लगाया, साहब.” इतकंच. त्यांना जास्त बोलता येतच नव्हतं. “कौन मानेगा?” साहेब म्हणाले, आणि श्रीवास्तवजींकडे वळून, “नाम काट दो. सोमवार को बात करेंगे.”

माझं डोकं फिरलं. भीती वाटायला हवी होती, राग आला. मी टेबलाला दोन्ही हात लावून म्हणाले, “नाम कैसे काटेंगे? पहले नाप लीजिए. सबका नापा, मेरा भी नापिए. नियम से निकालिए, ऐसे नहीं.” मागून कुणीतरी “अरे बाप रे” म्हणालं. सतरंजीवरून आईचा आवाज आला, “कुसुम!” मी वळले नाही.

माप घ्यायला एक लाकडी खोका होता, आतून बरोबर एक फूट. गाडी त्यात बसली की पास. साहेबांनी हसून माझी गाडी त्यात ठेवायला घेतली. बसेना. मागची बाजू टेकली तर नाक खोक्याच्या कडेवर. पाव इंच, जेमतेम, पण जास्त. मांडवात हशा पिकला. “लो,” साहेब म्हणाले, “अब नियम से भी बाहर.”

मी तीन तीनदा मोजलं होतं. एक फूट म्हणजे एक फूट. मी म्हणाले, आणि हे मी खरंच म्हणाले, सगळ्यांदेखत, “आपका डिब्बा छोटा है.” थैलीतून बाबांची पट्टी काढली आणि टेबलावर गाडीशेजारी खाडकन ठेवली. पट्टीवर गाडी एक फूट. अगदी रेघेवर रेघ. “देखिए!”

साहेबांनी पट्टीकडे पाहिलं. मग वाकून पाहिलं. पट्टी उचलून त्यांनी टोकाशी पुसट झालेली अक्षरं उजेडात धरली, आणि त्याच वेळी बाबा खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. त्यांनीही पट्टी पाहिली. आणि माझे बाबा हसायला लागले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डबा खाली ठेवून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले.

मला काहीच कळेना. साहेबांना मात्र सगळं कळलं होतं, ढलाईखान्याचाच माणूस तो. गोष्ट अशी की ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाले मापपट्टीच लांब बनवून घेतात. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा पाव इंचानं मोठा असतो. शॉपमध्ये ती पट्टी फक्त पोलादाच्या कामाला हातात धरतात. शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी आपण हात लावणार नाही म्हटलं होतं, ते पट्टीबद्दलही काही बोलले नव्हते, कारण मी कोणती पट्टी घेतली हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

“साहब,” बाबा डोळे पुसत म्हणाले, “बीस बरस से पैटर्न बना रहा हूँ. आप बताइए, लकड़ी के खिलौने के लिए मैं ये पट्टी उठाऊँगा?”

ढलाईखान्याचे, पॅटर्नचे, मशीन शॉपचे, सगळे हसले. या वेळी ते माझ्यावर हसत होते आणि बाबांच्या बाजूनं हसत होते, दोन्ही एकदम. सक्सेना साहेबांनी पट्टी हळूच खाली ठेवली. “नहीं,” ते म्हणाले. “आप नहीं उठाते. गाड़ी बच्ची की है.” मग पुढे, “माफ करना, देशकर जी.” बाबांची माफी मागितली. माझी नाही. ते माझ्या लक्षात आलं आणि अजून आहे.

मला त्या वेळी रडू आलं नाही असं मी आजवर सांगत आले. आलं होतं. इतक्या मेहनतीनं केलेल्या गाडीत माझं असं काय सापडलं, तर चूक. पण नाक पुसलं आणि म्हणाले, “गाड़ी मेरी है ना? तो करवत दीजिए.”

फळी दुरुस्त करायला एक सुतार बसवला होता, त्याच्याकडे करवत होती. मी विचारलं, नियमात कुठं लिहिलंय की आत्ता कापायचं नाही? श्रीवास्तवजींनी या वेळी नोटीस काढलीच नाही, नुसता हात हलवला, कापू दे म्हणून. मागून कापावं तर तिकडं शिसं ठोकलेलं. मी गाडी खोक्याला लावून कडेशी पेन्सिलीनं खूण केली. ती खूण बरोबर माझ्या नऊ दिवसांच्या नाकावर आली. करवत खुणेवर टेकवली आणि परत उचलली. बाबा माझ्याजवळ आले, हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाले, “दे. मी कापतो. सरळ येईल.”

बाबांनी कधी कुणाला अशी मदत देऊ केलेली मला आठवत नाही. त्यांच्या हातून ते नाक कागदासारखं कापलं गेलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “नको बाबा.” त्यांनी हात मागे घेतला, आणि दोन पावलं मागं सरकून मला उजेड मोकळा करून दिला.

कापलं. थोडं तिरकं गेलं. काचकागद मारला, पण ते निमुळतेपण गेलं ते गेलंच. पुढून बघितलं तर गाडी कुणाची तरी थोबाडीत खाल्ल्यासारखी दिसत होती. खोक्यात बसली. वजनातही बसली. आणि मग ती धावली. पहिली शर्यत जिंकली, दुसरी जिंकली, तिसरीत समोरच्याचं चाक निखळलं आणि आपण जिंकलो म्हणायला मला जरा कसंसं झालं, तरी जिंकले. शेवटची दीपूशी. तो फोरमनचा मुलगा, शांत पोरगा, दिवसभर एक शब्द बोलला नव्हता. आमच्या नात्यात रंगवून सांगतात की मी पाव इंचानं हरले, नाक असतं तर जिंकले असते. खोटं आहे. चांगली वीतभर मागे होते. त्याची गाडी माझ्यापेक्षा चांगली होती, आणि ती त्यानंच केली होती का, हे त्याला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला माहीत होतं विचारल्यावर कसं वाटतं.

बक्षिसं वाटायला श्रीवास्तवजी मायक्रोफोनवर आले. पहिलं दीपूचं झालं. “मास्टर दीपक,” असं पूर्ण नाव घेऊन. मग त्यांनी कागद पाहिला, हसले, आणि म्हणाले, “दूसरा नंबर, हमारे देशकर जी की गाड़ी!”

टाळ्या सुरू झाल्या. सगळे बाबांकडे बघत होते. मी जागची हलले नाही. एवढं सगळं होऊन, मापून, कापून, साहेबांनी भर मांडवात कबूल करून, गाडी पुन्हा देशकरजींची. श्रीवास्तवजी दुसऱ्यांदा म्हणाले, “देशकर जी की गाड़ी, आइए.” त्यात कुजकेपणा नव्हता. त्या माणसाला खरंच काही चुकलंय असं वाटत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा हाताची घडी घालून बसले होते, समोर बघत, जणू देशकर हे दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. शेजारच्या माणसानं त्यांना कोपर मारलं. ते हलले नाहीत. टाळ्या विरत गेल्या. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले.

आणि मग सतरंजीवरून आई उभी राहिली. माझी आई, जी भाजीवालीशी सोडून कुणाशी हिंदीत बोलायला लाजायची, जी पुरुषांच्या सभेत पदर सावरून सगळ्यात मागे बसायची. तिनं पदर खोचला. “नाम है उसका,” ती म्हणाली. आवाज चिरका आला, म्हणून पुन्हा, जोरात, “नाम है ना उसका! फारम में लिखा है. नाम लो!”

श्रीवास्तवजींनी कागद परत उघडला. ओळीवरून बोट फिरवत गेले, थांबले, घसा साफ केला आणि मायक्रोफोनवर म्हणाले, “कुसुम देशकर.”

मी उठले, आणि मुद्दाम सावकाश चालत गेले.